तीन सॅक्सोफोन आणि एक कवळी

मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत कधी गेला असाल, तर तिथे एक वाक्य तुमच्या कानावर हमखास पडले असेल : "असा भोपळा आता होत नाही." तंबोऱ्याच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही. लाकूड वाळते, भोपळा मुरतो, आणि चाळीस वर्षे गवयांच्या मांडीला टेकलेला तंबोरा नव्यापेक्षा गोड बोलतो असे म्हणणारे सगळेच काही भाबडे नव्हेत. परंतु हीच भाषा पितळेच्या एका नळीबद्दल ऐकण्याचा, एवढेच नव्हे तर तिच्यापायी एका कुटुंबात उडालेला खटका मिटवण्याचा योग यंदा श्रावणात माझ्या वाट्याला आला. गेली काही वर्षे या पानावर मी संगीताविषयी बरेवाईट लिहीत असतो. त्याचा हा परिणाम. लिहिणाऱ्याला कळतेही, असा लोकांचा समज होऊन बसतो.

धोबीतलावच्या अंकलचा मुलगा भर पावसात दुपारी आला. छत्री दाराबाहेर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "तुम्ही डॅडींना जरा समजवा. ते मम्मीचे गुडघे विकायला निघालेत."

अंकल कोण ते सांगितले पाहिजे. त्यांचे नाव तुम्ही ऐकलेले नाही, सूर मात्र ऐकला आहे. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराखाली वादकांची नावे येत नसत, त्या काळातले ते आल्टो सॅक्सोफोनवादक. मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांच्या छडीखाली सा-रे-ग-म च्या आधी दो-रे-मी शिकले, आणि सतराव्या वर्षी एका ट्रंकेनिशी मुंबईस आले. हॉटेलांतले बँड, लग्नाचे बँड, मग रेकॉर्डिंगचे स्टुडिओ, असा त्यांचा प्रवास. मनोहारी सिंग पुढे बसत तेव्हा मागच्या रांगेत बसल्याचा त्यांना अभिमान आहे. आता ऐंशीच्या घरात आहेत. एखाद्या लग्नात, एखाद्या नाताळात अजून वाजवतात, आणि रोज सकाळी तासभर रियाझ करतात. निदान मार्चपर्यंत तरी करीत होते.

मार्चमध्ये त्यांचे वरचे पुढचे दात काढावे लागले आणि कवळी बसवली. त्यानंतर त्यांचा सूर मेला. हे त्यांचेच शब्द. पण दोष त्यांनी कवळीला दिला नाही, वाद्याला दिला. १९८५ साली त्यांनी आपला जुना अमेरिकन 'कॉन' विकून जपानी यामाहा घेतला होता. "ते पितळ थकले," असा त्यांनी निदानाचा कागद फाडला. उपाय एकच : सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स घ्यायचा. एका विक्रेत्याकडे होताही तसा एक, पाच आकडी क्रमांकाचा. किंमत साडेपाच लाख. तेवढे पैसे बँकेत होते, आणि ते आंटीच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवले होते.

मी गेलो. आंटीने भिंत धरत धरत येऊन चहा दिला आणि एक अक्षर न बोलता आत गेली. अंकलनी माझ्याकडे पाहून ओळखले.

"तुला पोराने पाठवले. बस. तू लिहिणारा माणूस, तुला सुरातले किती कळते ते मला ठाऊक आहे. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन मुंबईत आला, तेव्हा मी मागे उभा राहून जॉनी हॉजेसला ऐकला. एका सुरातून दुसऱ्यात असा सरकायचा की मधली जागा दिसायची नाही. तसा सूर जुन्या वाद्यातच असतो."

आता हॉजेसचे नाव निघाले म्हणून मीही थोडा शहाणपणा केला. म्हटले, अंकल, हॉजेसने आयुष्यात कॉन वाजवला, ब्यूशर वाजवला, आणखीही बदलले, आणि कुठल्याही तबकडीवर तो दोन सुरांत ओळखू येतो. चार्ली पार्करचे तर त्याहून मौजेचे. १९५३ च्या मे महिन्यात टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या प्रसिद्ध मैफलीत त्याने चक्क प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. लंडनमध्ये तयार होणारा ग्राफ्टन. पांढराशुभ्र, खेळण्यासारखा. ती मैफल ध्वनिमुद्रित आहे. ऐकणाऱ्याला तो पार्करच वाटतो, प्लॅस्टिक आठवतही नाही. पुढे १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात तोच ग्राफ्टन त्र्याण्णव हजार पौंडांहून अधिक किमतीला गेला. पण ती किंमत प्लॅस्टिकची नव्हती.

"पार्करचे सोड," अंकल म्हणाले, "त्याला दात होते."

बोलून गेले आणि गप्प झाले. त्या एका वाक्याने मला वाट दिसली. पण वाद घालून ऐंशी वर्षांच्या कलावंताला हरवण्यात अर्थ नसतो. मी म्हटले, आपण ऐकून ठरवू.

वाचकांपैकी पुष्कळांनी सॅक्सोफोन केवळ वरातीत पाहिलेला असेल, म्हणून थोडे त्याविषयी. बेल्जियममधल्या दिनाँ गावी १८१४ मध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स नावाच्या खटपट्या माणसाने हे वाद्य काढले आणि १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी जातीने हे सनई-क्लॅरिनेटच्या कुळातले : तोंडाशी वेताची पट्टी म्हणजे रीड, ती थरथरते, आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या शंकूतली हवा तिला साथ देते. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ असते, सॅक्सोफोनची पहिल्यापासून शेवटपर्यंत पसरत जाते, आणि त्याच्या सुरातला भरघोसपणा या पसरण्यात आहे. ती किती वेगाने पसरते, मानेच्या वळणाशी किती अरुंद आहे, भोके कुठे आणि केवढी, यावर एका कंपनीचा आल्टो दुसरीपेक्षा निराळा होतो. वाजवणारे हा फरक मानतात आणि तो खराही आहे. किती खरा, हाच वाद.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे गाव आहे. कॉन आणि ब्यूशर हे दोन्ही कारखाने तिथले. १९२० नंतर अमेरिकेत सॅक्सोफोनची साथ आली तेव्हा या गावाने ती वाद्ये पोत्यांनी पुरवली. कॉनचा '६ एम' हा आल्टो १९३५ च्या सुमारास निघाला. त्याच्या भोकांच्या कडा भांड्याच्या काठासारख्या बाहेर वळवलेल्या, आणि कर्ण्यावर एका बाईचे चित्र कोरलेले. त्या चित्रावरून वादकांनी त्याला ठेवलेले टोपणनाव इथे छापायला माझी हरकत नाही, संपादकांची असेल. फ्रान्समध्ये सेल्मर कंपनीने १९२९ मध्ये सॅक्सचा मूळ कारखानाच विकत घेतला, आणि १९३६ मध्ये चाव्यांची मांडणी अशी काही बदलली की डाव्या हाताच्या करंगळीचे हाल संपले. आजचे बहुतेक सगळे सॅक्सोफोन, मग ते जपानचे असोत, तैवानच्या हौली गावचे असोत की चीनचे, बोटांखाली त्या सेल्मरचेच वंशज आहेत. मार्क सिक्स निघाला १९५४ मध्ये, आणि आल्टो सुमारे वीस वर्षे बनत राहिला. १९६० नंतर एकदोन वर्षांत क्रमांक सहा आकडी झाले, म्हणून पाच आकडी ते पहिल्या धारेचे, अशी समजूत. मौज अशी की या वीस वर्षांत कंपनीने नळीची मापे अनेकदा बदलली. तेव्हा 'मार्क सिक्सचा सूर' म्हणजे नेमका कोणत्या सालचा, हे विचारल्यावर भक्तमंडळी जरा चिडतात.

विक्रेत्याने अंकलना आणखी एक गोष्ट ऐकवली होती : हे पितळ महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या रिकाम्या नळकांड्यांचे, म्हणून त्याला तो नाद. ही कथा जगभर फिरते. तिला पुरावा काही नाही. आणि असती खरी, तरी नळकांड्यांचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे, तीस टक्के जस्त. आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्याहून त्यात दैवी असे काही नाही. धातूचे म्हणाल तर १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने चांदीची, तांब्याची आणि लाकडाची अशा एकाच मापाच्या तीन बासऱ्या करून जाणकारांना न दाखवता ऐकवल्या. कोणती कशाची ते त्यांना ओळखता आले नाही. सॅक्सोफोन म्हणजे बासरी नव्हे हे मान्य. पण नळीच्या आतले माप नळीच्या धातूपेक्षा फार मोठे, एवढे त्यातून दिसते.

तर आमची परीक्षा. वाद्ये दुरुस्त करणारे एक कारागीर अंकलचे जुने स्नेही. त्यांचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली आणि मागे पडदा लावून केलेला पोटमाळा. योगायोगाने कोणा गिऱ्हाइकाचा कॉन ६ एम त्यांच्याकडे पॅड बदलायला आला होता. अंकलचा यामाहा, वायएएस-६२, होताच. अनामत घेऊन विक्रेत्याने मार्क सिक्स एका दिवसापुरता दिला. वाजवायला अंकल, आणि त्यांच्याकडे चार वर्षे शिकत असलेली एक बाविशीतली मुलगी. ऐकायला कारागीर, मुलगा, शेजारचे पेटीवाले बुवा आणि मी. माउथपीस आणि रीड तिन्ही वाद्यांना तेच, फक्त प्रत्येक वाजवणाऱ्याचे आपले आपले. कारागिराने मोबाइलमधल्या सूरमापकावर तिन्ही वाद्ये मिळवून घेतली.

आधी पडदा बाजूला ठेवून, बघत बघत ऐकले. तेव्हा आम्ही सगळे फार जाणते होतो. कॉनचे खालचे सूर घागरीत बोलल्यासारखे रुंद, वर गेले की जरा सैल. मार्क सिक्सच्या सुराला कणा आहे, तो गर्दीतून सरळ येतो. यामाहा वर्गातल्या हुशार मुलासारखा : सगळे सूर सारखे, चूक काही नाही, आणि तेच जरा खटकते. बुवा तर म्हणाले, हा पतियाळा, तो किराणा. आम्ही माना डोलावल्या.

मग पडदा ओढला. बारा वेळा वाजवले, आम्ही कागदावर लिहिले. माझी चार उत्तरे बरोबर आली. तीन वाद्यांपैकी डोळे मिटून बोट ठेवले असते तरी तेवढीच आली असती. बुवांची तीन. त्यांनी पतियाळा-किराण्याचा विषय पुन्हा काढला नाही. कारागिराची सात, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, त्यातली बरीचशी चाव्यांच्या आवाजावरून. कॉनच्या चाव्या जड पडतात. फक्त एक गोष्ट त्यांनी सुरावरून सांगितली आणि ती प्रत्येक वेळी खरी निघाली : अगदी तळचा सूर कॉनवर उघडा पडतो.

पण कोण वाजवते आहे, हे आम्ही चौघांनी बारापैकी बारा वेळा ओळखले.

इथे आमच्यापैकी कोणालाच बोलावेसे वाटेना. कारण ओळखण्याचे कारण उघड होते. मुलीचा सूर तिन्ही वाद्यांवर लखलखत होता. अंकलचा तिन्हींवर सारखाच दबलेला, कडेला हवा सांडणारा. साडेपाच लाखांच्या मार्क सिक्सवरही तसाच. पडद्याआडून ते बाहेर आले तेव्हा मुलगी त्यांच्याच यामाहावर काही वाजवत होती, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपले वाद्य समोरून ऐकले. खुर्चीवर बसले. बराच वेळ हातातल्या कागदाची घडी घालत होते.

"तो चांगला आहे," शेवटी म्हणाले. वाद्याबद्दल.

मग कारागिरानेच समजावले, आणि ते मी समजावण्यापेक्षा बरे झाले. आल्टो वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात. रीडची थरथर त्या दातांतून हाडात आणि हाडातून कानात जाते. वादक आपला सूर दोन वाटांनी ऐकतो, श्रोता एकाच. कवळी बसली की ती आतली वाट जवळजवळ बंद होते. माउथपीसवर रबराचा पातळ तुकडा चिकटवला तरी वादकाला आपला सूर बदलल्यासारखा वाटतो, श्रोत्याला पत्ता नसतो. अंकलना आपला सूर आतून मेल्यासारखा ऐकू येई, म्हणून ते जबडा अधिक आवळत. कवळी सरकू नये म्हणून आणखी आवळत. आणि आवळल्याने तो खरोखरच मरत असे. घशाचाही यात वाटा असतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २००८ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा अगदी वरच्या पट्टीतले सूर काढताना मुरलेले वादक तोंडातली आणि घशातली पोकळी सुरागणिक जुळवून घेतात असे आढळले. नवशिक्यांना ते जमत नव्हते. म्हणजे अंकलचे अर्धे वाद्य त्यांच्या मानेच्या वरच आहे, आणि दुरुस्तीला तेच आले होते.

वाद्यावाद्यांत फरकच नाही, असे मात्र कोणी समजू नये. कारागिराने शेवटी एक गंमत केली. त्या कॉनला रबरी माउथपीसऐवजी आतून अरुंद असा धातूचा लावला आणि मुलीला वाजवायला सांगितले. गणपती मिरवणुकीतला लाऊडस्पीकर खोलीत शिरला! पडद्याआडून दहांपैकी दहा वेळा कोणीही ओळखले असते. जर्मनीत जन्मलेला सिगुर्ड राशर हा अभिजात संगीतातला मोठा सॅक्सोफोनवादक जन्मभर हेच सांगत राहिला की, सॅक्सने कल्पिलेला सूर हवा असेल तर माउथपीस आतून गोल आणि मोठा हवा. अरुंद आले आणि सूर बिघडला. लोक वाद्यावर लाखो खर्चतात आणि माउथपीस डब्यात मिळाला तोच वाजवतात. रीडचे तर त्याहून हाल. दहांच्या पेटीत तीन चांगल्या निघाल्या तरी वादक देवाला हात जोडतो.

आणि जुनी वाद्ये घेणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण माझ्या परिचयातल्या एका बँडवाल्या गृहस्थांनी त्यापायी पैसे घालवले आहेत. जुन्या काळी सुराची पट्टी एकच नव्हती. अमेरिकन वाद्यांवर 'एल' किंवा 'एलपी' छाप असला तर ते आजच्या ४४० च्या पट्टीचे. 'एचपी' असला तर सुमारे ४५७ ची उंच पट्टी. असे वाद्य आज कशाशीच मिळत नाही. माउथपीस बाहेर ओढून एक सूर खाली आणावा तर बाकीचे आपापसांत भांडू लागतात. आमच्या गृहस्थांना विकणाऱ्याने 'एचपी' म्हणजे 'हाय परफॉर्मन्स' असे सांगितले होते. ते आता दिवाणखान्यात टांगलेले आहे. दिसते सुरेख.

त्या मार्क सिक्सचीही तपासणी झाली. दिवा मालवून कारागिराने नळीत एक लांब दांडीचा बल्ब सोडला आणि चाव्या एकेक करून मिटल्या. मिटलेल्या पॅडच्या कडेने उजेड झिरपला की तिथे हवा गळते. अंधारात त्या मार्क सिक्सवर सात-आठ ठिकाणी बारीक चंद्रकोरी उमटल्या. कोणीतरी पूर्वी त्याला नवे लाखेचे पाणी चढवले होते, आणि त्यासाठी घासताना भोकांच्या कडा खालीवर झाल्या होत्या. जुन्या लाखेला भाव असतो तो याच कारणाने. लाखेत सूर नसतो, घासण्यात तो जातो.

मार्क सिक्स दुसऱ्या दिवशी परत गेला. अनामत परत मिळवायला चार खेपा पडल्या, पण मिळाली. अंकल आता दोन्ही ओठ दातांवर घेऊन वाजवायला शिकताहेत, म्हणजे वरच्या दातांऐवजी वरचा ओठ माउथपीसला लागतो. काही वादकांची ही जुनी रीत आहे. पहिले तीन आठवडे ओठ सुजला होता. रीड तीन नंबरची सोडून दोनची लावली, याची त्यांना थोडी लाज वाटते, म्हणून तिचा आकडा त्यांनी नखाने खरवडून टाकला आहे. गेल्या रविवारी गेलो तर लांब सूर चालले होते, एकेक श्वासाचा. पूर्वीचा नाही, पण हवा सांडत नव्हती.

आंटीची शस्त्रक्रिया दिवाळीनंतरच्या आठवड्यात ठरली आहे. निघताना अंकल मला जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि खाली वाकून, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तरीपण तो तळचा सूर कॉनचाच. ते तुम्ही सगळ्यांनी लिहून दिले आहे."

ते खरे होते. कारागिराकडे तो कागद अजून आहे.